भोंगा वाजला तेव्हा आम्ही नाचत होतो

सेंदाई
१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. गेल्या खेपेला मी म्हटलं, "नाच शिकतेय," तर तू सारंगला विचारलंस, "लाच कोणाला दिली हिने?" म्हणून आता पत्रं. तू कागदावर लिही, शेजारची दिपाली फोटो काढून मला पाठवेल. माझं मेल ती तुला वाचून दाखवेल. दिपाली, मधलं काही गाळायचं नाही हं.

तर नाच. मेक्सिकोचा लोकनाच! तुझे जावईबापू सारंग आठवडाभर तिकडे कावासाकी शहरातल्या ऑफिसात, मी दिवसभर लॅबमध्ये, आणि संध्याकाळी घरी आलं की फ्रीजचाच काय तो आवाज. शेवटी वॉर्डाच्या हॉलमध्ये पाटी बघितली आणि गेले. शिकवणारी ओफेलिया मेक्सिकोतल्या वेराक्रूझ प्रांतातल्या समुद्रकाठच्या एका गावाची. नवरा इथला, त्यामुळे ती वीस वर्षं सेंदाईतच आहे. पोटासाठी स्पॅनिश शिकवते आणि रविवारी नाच. वर्गात मी आणि चार जपानी बायका, सगळ्या साठीच्या पुढच्या. आणि सगळ्यांत आधी धाप मला लागते.

पांढरा झालरींचा घागरा असतो, दोन्ही हातांनी उचलून लाटेसारखा फिरवायचा. बुटांना खाली बारीक खिळे ठोकलेले. चौकात एक लाकडी चौथरा टाकतात, त्याला तारिमा म्हणतात, आणि त्यावर पाय वाजवायचे. ओफेलिया म्हणते, हा नाच बघायचा नसतो, वर चढायचं असतं. म्हणून ती तारिमा गाडीत घालून खेडोपाडी जाते. जिथे फक्त म्हातारी माणसं उरलीत अशा गावांत तर मुद्दाम. ऑक्टोबरच्या शेवटी एका डोंगरातल्या गावी आमचा कार्यक्रम आहे. माझा पहिलाच.

सारंगला ते पसंत नाही. तिकडे यंदा अस्वलं फार उतरलीत म्हणतो. पण आम्ही सगळ्या बरोबर असू. तू कशी आहेस? संध्याकाळी ओढ्यापर्यंत फिरून येतेस ना?

तुझी केतकी


ओतूर
२३ सप्टेंबर

केतकी, बाळा,

तुझं पत्र दिपालीने दोनदा वाचून दाखवलं. लाच मी म्हणाले नव्हते, पण असू दे.

नाच, हवा तितका नाच. लहानपणी या घरात तुला स्नेहसंमेलनासाठी उभं केलं की तू पडद्याला धरून बसायचीस. वेराक्रूझ नकाशात शोधलं. आखाताच्या काठी आहे. मेक्सिको चौतीस वर्षं वर्गात शिकवला, पण तिथली बाई खिळ्यांचे बूट घालून नाचते हे एकाही पुस्तकात नव्हतं.

आता मुद्द्याचं. अस्वलाचं एक वाक्य लिहून तू पुढे पळालीस. गृहपाठ न केलेली मुलं अशीच विषय बदलायची. उतरलीत म्हणजे काय? किती मोठं असतं ते? माणसावर येतं का? नीट लिही.

मी बरी आहे. फिरणं सध्या बंद ठेवलंय, गुडघा कुरकुरतो. बाकी विशेष काही नाही. मागच्या अंगणाला जाळी मारून घेतली.

आत्या


सेंदाई
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नीट लिहिते. तू विचारलंस म्हणून नाही, मलाच कोणाला तरी सांगायचंय म्हणून. सारंगला सांगितलं तर तो जाऊ देणार नाही.

काल आम्ही त्या गावी जागा बघायला गेलो होतो. गाडी वळणावर आली आणि खांबावरचा भोंगा बोलायला लागला. असे भोंगे इथे गावोगावी असतात, भूकंप-वादळाची सूचना देण्यासाठी. सगळं कळलं नाही, पण 'कुमा' कळलं. कुमा म्हणजे अस्वल. बाईचा आवाज इतका शांत होता की स्टेशनवर गाडीची वेळ सांगतायत असं वाटावं.

अर्धी घरं बंद. दारात केशरी फळांनी लगडलेली झाडं. या फळाला इथे काकी म्हणतात, आणि अस्वलांना काकी फार आवडते. डोंगरात यंदा त्यांना खायला काही पिकलेलं नाही, म्हणून ती घरांपर्यंत येतात. गावकरी दिसले ते सगळे कमरेला घंटी बांधून. आवाज ऐकून अस्वल लांब राहतं म्हणे. पलीकडच्या वाडीत एक माणूस अळंबी गोळा करायला गेला होता, तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सापडला. कसा, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गावाची शाळा कधीच बंद पडलीय, मुलंच नाहीत. तिच्या व्यायामशाळेत आमचा नाच. मैदानाच्या पलीकडे हात्सुए-सान (सान म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव') राहतात, एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. त्यांनी आम्हाला चहा दिला. त्यांच्या दारातही काकीचं झाड आहे. पालिकेचा माणूस, सुगावारा-सान, ते तोडा म्हणून मागे लागलाय. त्या म्हणाल्या, "हे झाड माझ्या नवऱ्याने लावलं. तो गेला, मुलगा गेला शहरात, आता झाडही घालवू?" मग माझ्याकडे बघून, "तुमच्याकडे असतात का अस्वलं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे बिबटे असतात." त्या खूश झाल्या. सोबत मिळाल्यासारख्या.

आत्या, तिथून निघताना मला टॉयलेटला जायचं होतं. ते व्यायामशाळेच्या मागे, बाहेरून. दहा-पंधरा पावलं असतील. मी अर्ध्यात थांबले. मागे झुडपात काहीतरी हललं, बहुतेक वाराच. पण माझे पाय पुढेही जाईनात आणि मागेही. ओफेलिया येऊन मला हाताला धरून घेऊन गेली.

परतताना गाडीत मी तिला म्हटलं, कार्यक्रम रद्द करू. सुगावारा-सानचंही तेच म्हणणं होतं, गावाचा सणसुद्धा यंदा रद्द केलाय. ओफेलियाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग म्हणाली, "आमच्या गावात एका वर्षी बंदूकवाले शिरले. संध्याकाळी माणसं गायब व्हायची. आधी लोकांनी चौकात बसणं सोडलं, मग लग्नं दिवसा करायला लागले, मग एकमेकांकडे जाणं सोडलं. बंदूकवाले निघून गेले तरी दारं उघडेनात. माझ्या आईने आणि तिच्या बहिणींनी तारिमा घराच्या आत ओढली आणि दार लावून नाचल्या. शेजारच्या घरात ऐकू जावं म्हणून, बाकी कशासाठी नाही."

मी हो म्हटलं. पण खरं सांगू? मला नकोय जायला. रोज सकाळी उठून भोंग्यातल्या त्या बाईचा आवाज आठवतो. आमच्या टेकडीवरच्या कॅम्पसमागेही परवा अस्वल दिसलं, आता तिथेसुद्धा पाट्या लागल्यात.

केतकी


ओतूर
१४ ऑक्टोबर

केतकी,

जाऊ नकोस.

हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचेपर्यंत तू आपल्या मनाची समजूत घालशील.

गुडघ्याचं मी खोटं सांगितलं. माझा गुडघा ठणठणीत आहे. आपल्या घरामागच्या उसात बिबट्याची मादी आहे, दोन बछड्यांसकट. श्रावणात दिपालीचा कुत्रा गेला. भाद्रपदात वस्तीवरची एक बाई गवत कापायला वाकली होती, बिबट्या थेट तिच्या मानेवर आला, ती गेली. ती माझी विद्यार्थिनी होती. पहिलीत तिला 'ळ' काढता यायचा नाही. आता इथल्या बायका शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात. कुत्र्याला घालतात ना, तसे. वन खात्याने पिंजरा लावलाय, आत शेळी बांधलीय, आणि ती शेळी अंधार पडला की ओरडते. उजेड असतानाच मी दार लावून घेते. साडेसहाला! देवळात जात नाही, कोणाकडे जात नाही, कोणी माझ्याकडे येत नाही. दिपाली कागदाचा फोटो काढायला येते, तीही दुपारी, नवऱ्याला दारात उभं करून.

तुला कळवलं नाही, कारण तू तिकडून रोज 'पुण्याला जा' म्हणून धोशा लावला असतास. मी कुठे जाणार नाही. पण मी इथे राहणं वेगळं आणि तू मुद्दाम उठून जनावराच्या तोंडात जाणं वेगळं. तुझ्या मैत्रिणीचं मन मोठं असेल. मेक्सिकोच्या बंदूकवाल्याला निदान माणसाची भाषा कळते. जनावर नाच बघत नाही, बाळा.

आणि गेलीसच, तर वाकायचं नाही. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. एवढं तरी ऐक, माझी शपथ.

आत्या


ओतूर
२७ ऑक्टोबर

केतकी,

तुझं उत्तर नाही. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. शनिवारी तुझा कार्यक्रम होता. फोन लागतो पण तू उचलत नाहीस. सारंगने दिपालीला निरोप पाठवला, "ती सुखरूप आहे, पण बोलत नाहीये." सुखरूप आहे तर बोलत का नाही? माझ्यावर रागावली असशील तर रागाच्या चार ओळी लिही.

आत्या

केतकीताई, मी दिपाली. बाईंना हे कळू देऊ नका. जपानमधली अस्वलाची एक बातमी माझ्या मोबाइलवर आली. घराची फुटलेली काच आणि बाहेर पोलीस. बाईंनी ती बघितली. तेव्हापासून जेवण नीट नाही. तुम्ही कशाही असा, पण कळवा.


सेंदाई
१ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मला काहीही लागलेलं नाही. हात-पाय शाबूत आहेत. आठवडाभर तोंडातून शब्द फुटत नव्हता, एवढंच. सारंग रजा काढून आला, माझ्याशेजारी बसून राहिला. आज पहिल्यांदा लिहावंसं वाटलं. तू सांगितलंस तरी मी गेले. आता सगळं सांगते.

पालिकेच्या छोट्या बसने गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दारापासून दारापर्यंत आणलं. पंचवीस-तीस जण असतील. दुपार होती, लख्ख ऊन. हात्सुए-सान बसला नाही म्हणाल्या, समोर तर घर आहे, येते मी. सुगावारा-सान त्यांना आणायला जाणार होता. आम्ही घागरे घालून तारिमेवर उभ्या राहिलो, स्पीकरवर वीणेसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि पाय सुरू झाले. आत्या, खरंच छान चाललं होतं. एक आजोबा तर टाळ्यांनी ताल धरत तारिमेच्या काठापर्यंत आले.

तेवढ्यात बाहेर भोंगा बोलला. तीच बाई, तोच शांत आवाज. शाळेजवळ अस्वल दिसलंय, घराबाहेर पडू नका. सुगावारा-सानने दारं लावली, पडदे ओढले, संगीत बंद केलं. सगळे नुसते बसून राहिले. कोणी रडलं नाही की ओरडलं नाही. आणि मग मला पुढच्या रांगेतली रिकामी खुर्ची दिसली.

त्याने मोबाइलवरून हात्सुए-सानना फोन लावला. त्या लगेच बोलल्या, पण इतक्या हळू की त्याने दुसऱ्या कानावर हात दाबला. काच फुटली होती आणि अस्वल त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. त्या आतल्या खोलीत अंथरुणं ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात शिरल्या होत्या, हातात फोन घेऊन. शिकारी दुसऱ्या वाडीला गेलेले, त्यांना यायला वेळ होता. सुगावारा-सानला पोलिसांशी बोलायचं होतं. मी सगळ्यांत जवळ होते. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बोलत राहा."

काय बोलू? माझं जपानी लॅबचं. "हात्सुए-सान, मी केतकी. इंडियाची." त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे भांडी पडल्याचा आवाज, आणि आणखी एक आवाज, जड, ओला, नाकातून हवा ओढल्यासारखा. तो त्यांच्या श्वासाइतकाच स्पष्ट होता.

त्या म्हणाल्या, "पाय का थांबले?"

मला कळेना.

"इथे ऐकू येत होते. आता फक्त ह्याचंच ऐकू येतंय. थांबू नका."

मी ओफेलियाला सांगितलं. सुगावारा-सान म्हणाला, नको, आवाजाने ते बिथरेल. एक आजोबा उठले, पूर्वी स्वतः शिकार करायचे ते. म्हणाले, "मघापासून हा आवाज ऐकतच ते आत शिरलंय. उलट एकदम शांत झालं की कान टवकारतं. वाजू द्या." ओफेलिया तारिमेवर चढली. संगीत नाही, काही नाही, नुसते पाय. मग आमच्यातली एक चढली, मग दुसरी. मला चढता आलं नाही. माझे पाय तसेच झाले, त्या टॉयलेटच्या वाटेवर झाले होते तसे. मी फोन धरून खाली उभी राहिले. मग खुर्च्यांवरच्या बायका जमिनीवर टाचा आपटायला लागल्या. आजोबा काठी आपटायला लागले. अख्खी व्यायामशाळा हादरत होती आणि मी फोनमध्ये एकच वाक्य म्हणत होते, "ऐकू येतंय ना? ऐकू येतंय ना?" त्या म्हणायच्या, "हाय, हाय." म्हणजे हो.

मग तो आवाज जवळ आला. नाकाचा. लाकूड ओरबाडल्याचा. हात्सुए-सान गप्प झाल्या. मग काहीतरी मोडलं, धपकन पडलं, आणि फोन बंद.

ओफेलियाने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. माझं तोंड बघून तिला कळलं असणार, पण ती थांबली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय चालू होते. ती ओरडली, "अजून ऐकत असेल!"

तेव्हा मी चढले. कशी ते मला आठवत नाही. मला पावलं येत नव्हती, ताल येत नव्हता, मी नुसती पाय आपटत होते. किती वेळ, तेही सांगता येणार नाही. मग बाहेर बार झाला. लगेच दुसरा. त्यानंतर जी शांतता झाली, आत्या, तिच्याइतकी भीती मला आयुष्यात वाटली नाही. कारण आता खरं काय ते कळणार होतं.

हात्सुए-सान जिवंत आहेत. त्या कपाटाच्या वरच्या फळीवर चढून गाद्यांच्या मागे गेल्या होत्या. एक्याऐंशीव्या वर्षी कशा चढल्या, ते त्यांनाही माहीत नाही. खालचं दार अस्वलाने फोडलं होतं. फोन त्यांच्या हातातून निसटून खाली पडला, म्हणून बंद झाला. कमरेला मुका मार बसलाय, बाकी काही नाही.

अस्वल मी पाहिलं, ताडपत्रीवर. मला वाटलं होतं केवढं मोठं असेल. बरगड्या दिसत होत्या. छातीवर पांढरी चंद्रकोर होती. मी तिथेच ओकले.

हात्सुए-सान सध्या ओफेलियाच्या घरी आहेत. दिवा बंद करू देत नाहीत. ओफेलिया पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी जाणार आहे, तिथल्या लोकांनीही बोलावलंय. मला विचारलं नाही तिने. मी काय सांगेन, मलाच माहीत नाही. अजून बाहेर कोणी बॅग ठेवली तरी मी दचकते. तू लिहिलं होतंस, जनावर नाच बघत नाही. खरंच नाही बघत, आत्या. पण तो नाच त्याच्यासाठी नव्हताच.

तू एकटी आहेस, साडेसहाला दार लावून, हे मात्र मला आता सहन होत नाही. पुण्याला जा असं म्हणणार नाही. पण काहीतरी कर.

केतकी


ओतूर
३ नोव्हेंबर

केतकी, माझ्या बाळा,

तुझं पत्र दिपालीने वाचलं. तिने काही गाळलं नाही. ओकल्याचंसुद्धा वाचलं.

मी तुला रागावणार होते. कागद समोर घेतला होता. पण मग दिपाली म्हणाली, "बाई, उद्या तुळशीचं लग्न. यंदा कोणीच बाहेर लावणार नाही म्हणतात. सगळे आपापल्या घरात, दार लावून." मी म्हटलं, "कोण म्हणतं?" म्हणाली, "सगळेच." मी म्हटलं, "मग सगळ्यांना सांग, बाईंनी देवळाच्या सभामंडपात बोलावलंय. उजेडीच यायचं, घोळक्याने यायचं, येताना बॅटरी आणायची."

मला वाटलं होतं चौघी-पाचजणी येतील. सभामंडप भरला. पुरुष काठ्या घेऊन दारात बसले. मंगलाष्टकं झाली, उसाचे तुकडे वाटले. उसाला हात लावताना प्रत्येकीचं तोंड उतरलेलं होतं. त्या उसातच तर ती राहते. मग दिपालीने मला ओढलं, "बाई, फुगडी." एकाहत्तराव्या वर्षी! घातली. मग झिम्मा झाला. खाली फरशी आहे, तुमच्यासारखं लाकूड नाही, पण बायकांनी पाय असे वाजवले की घंटा आपोआप किणकिणायला लागली.

आणि मध्येच बाहेरची कुत्री गप्प झाली.

तुला माहीत नाही ते काय असतं. रोज भुंकणारी कुत्री एकदम गप्प होतात, सगळी एकदम, तेव्हा ती जवळ असते. आम्ही गोलात होतो. हात धरलेले तसेच राहिले. माझ्या एका हातात दिपालीचा हात होता, दुसऱ्यात ज्या बाईला बिबट्याने नेलं तिच्या मुलीचा. दाराशी पुरुष उठून उभे राहिले. पिंजऱ्यातली शेळी ओरडायला लागली. ती पोर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, थांबायचं का?"

मी म्हटलं, "नाही."

माझा आवाज कापत होता. सगळ्यांनी ऐकला. पण आम्ही पुन्हा सुरू केलं. कोणाला ताल सुचत नव्हता, गाणं कुठल्या कुठे गेलं होतं. किती वेळाने ते कळलं नाही, पण कुत्री परत भुंकायला लागली तेव्हा बायका मटकन खाली बसल्या. काही रडल्या. एक हसायला लागली, तिला थांबवता येईना.

पिंजऱ्यात अजून नुसती शेळीच आहे. बिबट्याची मादी उसातच आहे. निघायच्या आधी पुरुषांनी बॅटरी मारून पाहिलं, तर देवळामागे ओल्या मातीत तिचे ठसे सापडले, लहान ठसेही होते. हे मी तुझ्यापासून लपवत नाही आता.

मग प्रश्न आला घरी जायचा. ठरलं की सगळ्यांनी मिळून एकेकीला तिच्या दारी पोहोचवायचं. पहिलीला सोडलं, दुसरीला सोडलं, घोळका लहान होत चालला. वेशीपाशी आल्यावर दिपाली थांबली. म्हणाली, "असंच एकेकीला सोडत गेलो तर शेवटची एकटी कशी जाणार?"

काठ्या घेऊन आलेले पुरुषही एकमेकांकडे बघायला लागले, शेवटी त्यांनाही एकेकट्यानेच परतायचं होतं. माझं घर सगळ्यांत जवळ होतं. मी कुलूप काढलं, दिवे लावले आणि म्हटलं, "शेवटची कोणी व्हायचंच नाही. चला आत."

या क्षणी माझ्या पुढच्या खोलीत नऊ बायका आडव्यातिडव्या झोपल्यात, पुरुष मागच्या खोलीत. अंथरुणं पुरली नाहीत म्हणून दोघी माझ्या जुन्या साड्यांवर आहेत. एक घोरतेय. मी दाराशी बसून तुला लिहितेय, दार लावलेलं आहे.

आत्या